वीस मिलिमीटरच्या नाकाने श्वास

तुमच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या वर्कशॉपमागे एखादी पत्र्याची शेड असेल आणि रात्री अकरानंतरही तिथली ट्यूबलाइट चालू असेल, तर समजून जा, ही फॉर्म्युला स्टुडंटवाली मंडळी. सबमिशन राहिलेलं, मेसचा डबा थंड झालेला आणि सगळे एका पाइपाभोवती गोल करून उभे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढं काय आहे त्या पाइपात? तर त्या पाइपात जवळजवळ सगळंच आहे. गाडी कोपऱ्यातून बाहेर पडताना झेपावणार की खोकत निघणार, आणि जजने विचारलं की तुमची बोलती बंद होणार की नाही, हे तिथेच ठरतं. त्या पाइपाचं नाव इनटेक मॅनिफोल्ड.

तुम्ही टीममध्ये असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नसाल आणि स्वतःच्या बाइकला चकचकीत कोन फिल्टर लावायचं मनात घोळत असेल, तरीही वाचा. खिशातले काही हजार वाचण्याची शक्यता आहे.

आधी खेळाचा नियम. अमेरिकेत १९८१ मध्ये सुरू झालेली फॉर्म्युला एसएई, आणि तिच्या धर्तीवर आपल्याकडे होणाऱ्या सुप्रा एसएईइंडिया आणि फॉर्म्युला भारत या स्पर्धा. विद्यार्थ्यांनी एका सीटची रेसिंग कार स्वतः डिझाइन करायची, बनवायची आणि पळवायची. इंजिन ७१० सीसीपर्यंतचं चालतं. मात्र इंजिनात जाणारी सगळीच्या सगळी हवा एकाच गोल भोकातून गेली पाहिजे, आणि पेट्रोलच्या गाडीसाठी त्या भोकाचा व्यास जास्तीत जास्त २० मिलिमीटर. जेमतेम आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढं! या भोकाला म्हणतात रिस्ट्रिक्टर. कोणी कितीही दांडगं इंजिन आणलं तरी नाक सगळ्यांचं सारखंच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, या म्हणीवर कोणीतरी नियमच लिहून ठेवला आहे.

आता गंमत बघा. या भोकातून हवा ओढत गेलात तर तिचा वेग वाढत जातो, आणि ध्वनीच्या वेगाला पोहोचला की तिथेच थांबतो. मग पलीकडून इंजिनाने कितीही जोर लावू दे, एक ग्रॅम जास्त हवा येत नाही. याला चोकिंग म्हणतात. गॅस डायनॅमिक्सच्या पुस्तकातलं सूत्र लावलं तर २० मिलिमीटरच्या भोकाची मर्यादा समुद्रसपाटीच्या हवेला सेकंदाला साधारण ७४ ग्रॅम येते, म्हणजे सुमारे ६३ लिटर. पाणी भरायचं २०० लिटरचं पिंप तीन-सव्वातीन सेकंदांत रिकामं होईल, इतकी. पुण्यात, म्हणजे साधारण ५६० मीटर उंचीवर, ग्रॅमचा आकडा पाच-सहा टक्क्यांनी आणखी उतरतो.

आपल्याकडच्या कितीतरी टीम्सचं लाडकं इंजिन म्हणजे केटीएम ३९० चं. एक सिलिंडर, ३७३ सीसी, आणि बनतं पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात. हे इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असताना किती हवा खातं? फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एक घोट, म्हणजे सेकंदाला ७५ घोट. प्रत्येक घोट ०.३७३ लिटरचा. गुणाकार केला की येतात २८ लिटर. मर्यादा ६३ ची, गरज २८ ची. मग टेन्शन कसलं?

इथेच बहुतेक नव्या टीम्सचा लोच्या होतो. इंजिन हवा सतत पीत नाही. दोन फेऱ्यांच्या ७२० अंशांपैकी इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो ढोबळमानाने एक तृतीयांश वेळ. म्हणजे जे २८ लिटर ओढायचे, ते त्या एक तृतीयांश वेळातच. त्या क्षणांपुरता वेग होतो सेकंदाला ८४ लिटर. भोक देणार ६३. झालं, गुदमरलं! आणि बाकीचा दोन तृतीयांश वेळ भोक रिकामं बसून. सरासरीच्या हिशेबात पास, प्रत्यक्षात नापास.

उपाय तुम्हाला घरबसल्या माहीत आहे. तुमच्या बिल्डिंगला महापालिकेची लाइन बारीक असते, तरी सकाळी सात वाजता सगळ्या घरांतले नळ एकदम सुरू झाले की पाणी पुरतं. कारण गच्चीवरची टाकी. लाइन बारीक धारेने टाकी भरत राहते, आणि गरज पडली की घरं टाकीतून घेतात. मॅनिफोल्डमधल्या या टाकीला प्लेनम म्हणतात. रिस्ट्रिक्टर टाकीत हवा सोडत राहतो, इंजिन टाकीतून घोट घेतं. टाकी जितकी मोठी, तितका रिस्ट्रिक्टरमधला प्रवाह एकसारखा. चार सिलिंडरच्या ६०० सीसी इंजिनात घोट एकामागोमाग एक येत असल्याने हा त्रास बराच कमी असतो. तिथे दुखणं वेगळं. १२,००० फेऱ्यांना त्याची सरासरी गरजच ६० लिटर होते, म्हणजे भोक तिथे खरोखरच संपतं. म्हणून दुसऱ्या कॉलेजच्या चार सिलिंडरवाल्या गाडीचा प्लेनम बघून आपल्या एक सिलिंडरच्या इंजिनाला तसाच बनवणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने पेपर लिहिणं.

मग टाकी दहा लिटरची करू? थांबा. ड्रायव्हरने थ्रॉटल बंद केलं की प्लेनममधला दाब उतरतो, समजा वातावरणाच्या ४० टक्क्यांवर. कोपऱ्यातून बाहेर येताना त्याने पाय दाबला, की आधी टाकी भरायला हवी आणि मगच इंजिनाला पूर्ण घोट. तीन लिटरची टाकी असेल तर सुमारे १.८ लिटर हवा जास्तीची आली पाहिजे, आणि त्याच वेळी इंजिनही ओढतच असतं. ढोबळ हिशेबाने सेकंदाचा विसावा भाग लागतो. सहा लिटरला दुप्पट, म्हणजे एक दशांश सेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ऑटोक्रॉसच्या ट्रॅकवर कोपऱ्यामागून कोपरा येतो आणि ड्रायव्हरचा उजवा पाय दर दोन-तीन सेकंदांनी हलतो. तो येऊन सांगणारच, ‘गाडी ऐकत नाहीये.’ शिवाय सहा लिटरचा डबा सीटमागे बसवायचा कुठे? एवढंसं इंजिन आणि त्यावर हा फुगा, नाकापेक्षा मोती जड.

रिस्ट्रिक्टरकडे परत येऊ, कारण तिथे स्वस्तात मिळणारा फायदा आहे. नुसती चकती घेऊन मध्ये भोक पाडलं तर नियम पाळला जातो, पण अरुंद जागेतून सुसाट सुटलेली हवा पलीकडे गेल्यावर भोवऱ्यांत ऊर्जा उधळून टाकते. त्याऐवजी आत येताना कर्ण्यासारखं गोलाईचं तोंड आणि बाहेर पडताना हळूहळू रुंदावणारी नळी ठेवली, तर वेगाचा बराचसा भाग पुन्हा दाबात बदलतो. या रुंदावणाऱ्या भागाला डिफ्यूझर म्हणतात. घाईघाईने रुंदावलात तर हवा भिंत सोडते. समजा २० मिलिमीटरपासून ४६ मिलिमीटरपर्यंत जायचं आहे. एकूण कोन ८ अंश ठेवला तर लांबी लागते १८६ मिलिमीटर. १२ अंशांना १२४, आणि २० अंशांना फक्त ७४. जागा नाही म्हणून ७४ वाला बनवायचा मोह प्रत्येक टीमला होतो. माझं मत विचाराल तर चॅसिसवाल्यांशी भांडा, पण डिफ्यूझर कापू नका. फ्रेमचा एक पाइप दोन सेंटीमीटर सरकवता येतो. हवेला मात्र तुमच्या पॅकेजिंगचं काही पडलेलं नसतं.

आता रनर, म्हणजे प्लेनमपासून व्हॉल्व्हपर्यंतची नळी. मॅनिफोल्डचा सगळ्यात सुरेल भाग हाच, आणि ‘सुरेल’ अगदी शब्दशः. बासरीत हवेच्या स्तंभाची लांबी बदलली की स्वर बदलतो. रनरमध्येही हवेचा स्तंभच असतो. पिस्टन खाली जाऊन हवा ओढतो तेव्हा कमी दाबाची एक लाट व्हॉल्व्हपासून उलटी, प्लेनमच्या दिशेने धावते. प्लेनमच्या मोकळ्या जागेत पोहोचली की ती पालटते आणि जास्त दाबाची होऊन परत येते. व्हॉल्व्ह बंद होण्याच्या जरा आधी ती पोहोचली तर जाता जाता थोडी जास्तीची हवा आत ढकलते. फुकटात! उशिरा पोहोचली तर बंद दारावर आपटते.

गणित अगदी बारावीचं आहे. लाट निघण्यापासून परत येईपर्यंत क्रँक साधारण ९० अंश फिरावा, असं धरू. ८,००० फेऱ्यांना ९० अंशांना लागतात १.९ मिलिसेकंद. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर तेवढ्या वेळात लाट ६५ सेंटीमीटर जाते. जाऊन-येऊन, म्हणून लांबी त्याच्या निम्मी, ३२ सेंटीमीटर. हेच ६,००० फेऱ्यांना ४३ येतं आणि १०,००० ना २६. पहिला अंदाज म्हणून हे पुरेसं आहे. कॅम कसा आहे, हवा किती गरम आहे, यावर ते दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे होतं. आणि एक गोष्ट वहीत लाल पेनने लिहा: ही लांबी व्हॉल्व्हपासून मोजायची. सिलिंडर हेडच्या आतला पोर्टही त्यात आला. बाहेरची नळीच ३२ सेंटीमीटरची बनवलीत, तर सूर भलत्याच पट्टीत लागेल.

या लाटांवर मोठमोठ्यांनी जीव टाकला आहे. १९६० मध्ये क्रायस्लरने आपल्या व्ही-८ गाड्यांना ३० इंच लांबीचे रनर दिले होते. ते इतके लांब की इंजिनावरून आडवे जाऊन कार्ब्युरेटर पलीकडच्या बाजूला बसवावे लागले. मधल्या वेगाला गाडी तुफान ओढायची, वरच्या वेगाला दम जायचा. मग शर्यतीसाठी त्याच मॅनिफोल्डची आतली भिंत काही भागात काढून टाकली आणि कामाची लांबी १५ इंचांवर आणली. बाहेरून तसाच दिसणारा, आतून वेगळा. आणि १९९१ ला ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बी मध्ये तर इनटेकचे कर्णेच इंजिनाच्या वेगाप्रमाणे लांब-आखूड होत होते. तुम्हाला सरकते कर्णे बनवायला वेळ नाही, पैसा नाही, तेव्हा तुम्हाला एकच लांबी निवडायची आहे. कोणती?

इथे आकडा विचारण्याआधी ट्रॅकला विचारा. फॉर्म्युला एसएईच्या एकूण १,००० गुणांपैकी २७५ एन्ड्युरन्सला आहेत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या शर्यतीला. ट्रॅक मुद्दाम वळणावळणाचा असतो, सरासरी वेग ताशी ५०-५५ च्या घरात. सरळ ७५ मीटर पळायच्या ॲक्सिलरेशनला फक्त १००. तरीही डायनोच्या कागदावर सगळ्यात वरच्या टोकाला किती हॉर्सपॉवर आली, यावरच कँटीनमध्ये फुशारक्या मारल्या जातात. तुमची गाडी एका लॅपमध्ये किती वेळ कोणत्या आरपीएमवर असते, याचा डेटा मागच्या वर्षीच्या लॉगरमध्ये पडलेला असेल. तो काढा. इंजिन सर्वाधिक वेळ ६,५०० ते ८,५०० मध्ये असेल तर रनर त्यासाठी निवडा. १०,००० ला दोन हॉर्सपॉवर जास्त मिळवून, जिथे गाडी कधी जातच नाही तिथे फायदा करून घेण्यात काय हशील?

सिम्युलेशन जरूर करा. पण रिस्ट्रिक्टरचं सीएफडी करताना बहुतेक जण प्रवाह स्थिर धरतात, रंगीत चित्र सुंदर येतं, रिपोर्टमध्ये लावलं जातं. वर बघितलंत ना, एक सिलिंडरच्या इंजिनात प्रवाह स्थिर नसतोच. डिझाइन इव्हेंटचे जज, जिथे १५० गुण आहेत, नेमकं त्याच चित्रावर बोट ठेवतात. ‘ही लांबी का?’ या प्रश्नाला ‘सीनियर्सनी हीच ठेवली होती’ हे उत्तर तिथे चालत नाही. त्यापेक्षा ॲल्युमिनिअमच्या पाइपचे वेगवेगळ्या लांबीचे चार तुकडे कापा, डायनोवर सिलिकॉनच्या होसने एकेक जोडून बघा, चार वक्र एकाच आलेखावर काढा. एक दिवसाचं काम आहे, आणि जजसमोर तो एक कागद वीस स्लाइडना भारी पडतो.

आता बनवायचा कशाचा? हल्ली उत्तर ठरलेलं असतं: थ्रीडी प्रिंट. चांगलं आहे, पण साधं पीएलए वापरू नका. ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि इंजिनशेजारी एवढं तापमान सहज असतं. नायलॉन पेट्रोलला आणि उष्णतेला बरं टिकतं, कंपन्यांचे प्लॅस्टिकचे मॅनिफोल्डही काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचेच असतात. थरांमधून हवा झिरपते, म्हणून आतून-बाहेरून इपॉक्सीचा हात हवाच. बजेट नसेल तर ॲल्युमिनिअमचा पत्रा आणि एक चांगला टिग वेल्डर. यातही कमीपणा काही नाही.

आकार मात्र चौकोनी डब्याचा नको. थ्रॉटल बंद असताना आत आणि बाहेर दाबाचा जो फरक असतो, तो दर चौरस सेंटीमीटरला ६०० ग्रॅमच्या आसपास. दहा बाय वीस सेंटीमीटरची सपाट भिंत असेल तर तिच्यावर १२० किलो भार, म्हणजे दोन मित्र उभे! भिंत आत-बाहेर लपकते, सांधा उकलतो, तडा जातो. गोल नाहीतर नळकांड्यासारखा आकार तोच भार मुकाट्याने झेलतो.

जोडताना दोन बारीक गोष्टी. रनर आणि पोर्ट जिथे मिळतात तिथे हवेच्या वाटेत पायरी येता कामा नये. गॅस्केट ठेवून खूण करा आणि दोन्ही तोंडं एकसारखी घासून घ्या. आतून आरशासारखं पॉलिश करत बसायची गरज नाही, तो वेळ व्हायवाला द्या. दुसरं म्हणजे उष्णता. आत येणारी हवा तीन अंशांनी तापली की तिची घनता सुमारे एक टक्क्याने उतरते. हेड आणि रनरच्या मध्ये उष्णता अडवणारा जाड स्पेसर टाकणं हा सगळ्यात स्वस्त फायदा. कोन फिल्टरवाल्यांनो, हे तुमच्यासाठीही. कंपनीचा एअरबॉक्स काढून उघडा फिल्टर इंजिनच्या गरम हवेत लटकवलात तर आवाज वाढतो, ताकद नाही. वॉरंटीचं काय होतं ते सर्व्हिस सेंटरवाला सांगेलच.

मॅनिफोल्ड बदलला की इंजिनाचा मेंदूही बदलावा लागतो. कंपनीच्या ईसीयूला रिस्ट्रिक्टर नावाची वस्तू माहीतच नसते. म्हणून बहुतेक टीम्स प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू घेतात, प्लेनमवर दाबाचा सेन्सर बसवतात आणि लॅम्बडा बघत बघत इंधनाचा नकाशा नव्याने आखतात. याला डायनोवर दिवसच्या दिवस जातात. फॉर्म्युला भारत जानेवारीत असते. मधे गणपती, दिवाळी आणि सेमिस्टरची परीक्षा. मॅनिफोल्डचं डिझाइन ऑगस्टमध्ये गोठवलं नाहीत तर ट्यूनिंग स्पर्धेच्या पार्किंगमध्ये करावं लागेल.

आणि त्या पार्किंगमध्ये, तपासणीच्या आदल्या रात्री, कोणाच्या तरी डोक्यात येतं, ‘थोडीशी हवा बाजूने घेतली तर कोणाला कळणार आहे?’ १९९५ ला हे जगातल्या एका बलाढ्य टीमच्या डोक्यात आलं होतं. जागतिक रॅली स्पर्धेत टर्बोच्या तोंडाशी रिस्ट्रिक्टर सक्तीचा होता. टोयोटाच्या सेलिकामध्ये होस आवळून बसवला की रिस्ट्रिक्टर गुपचूप किंचित मागे सरकायचा आणि बाजूने जास्तीची हवा आत जायची. तपासायला होस काढला की परत जागेवर. यंत्र म्हणून कारागिरी अफलातून होती, तपासणाऱ्यांनीही ते मान्य केलं. कॅटालुन्याच्या रॅलीत पकडले गेले, वर्षभराचे गुण गेले आणि टीमवर बारा महिन्यांची बंदी आली.

तुमच्या बाबतीत गळती बहुतेक वेळा मुद्दाम नसते. एखादी भेग, सैल क्लॅम्प. पण रिस्ट्रिक्टरच्या पुढे सुईएवढं भोक असलं तरी नियमाच्या नजरेत ती चोरीच, आणि इंजिनाच्या नजरेत बिनहिशेबी हवा: मिश्रण पातळ, आयडलिंग वेडंवाकडं. म्हणून पंक्चरवाल्याकडे जे बघता तेच घरी करा. मॅनिफोल्डची सगळी तोंडं बंद करा, सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब द्या आणि साबणाचं पाणी लावून फुगे शोधा. नंतर गाडीवर बसवून, इंजिन आयडलिंगला असताना थ्रॉटल बॉडीच्या तोंडावर एक सपाट प्लेट धरा, तळहात नको. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. रेंगाळलं तर हवा कुठून तरी येतेय. आधार ब्रॅकेट आणि बोल्टचाच द्या, होस क्लॅम्प आणि झिप टायवर लटकलेला मॅनिफोल्ड टेक्निकल इन्स्पेक्शनमध्ये तिथल्या तिथे परत पाठवतात.

शेवटचं काम स्पर्धेनंतरचं. जुना मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका. त्याच्यावर परमनंट मार्करने रनरची लांबी, प्लेनमचे लिटर, डिफ्यूझरचा कोन आणि डायनोची तारीख लिहा, आणि शेडमध्ये वरच्या रॅकवर, ज्युनिअर्सचा हात पोहोचेल तिथे ठेवा. सोबत तो चार वक्रांचा कागदही, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.